गुरांच्या खिंडीतून

धाकट्या भावाच्या मोटारीतून आम्ही स्कॉटलंड पाहत होतो. तिसऱ्या दिवशी लॉखकॅरनहून निघालो तेव्हा गावाकडच्या घराच्या विक्रीचे कागद माझ्या पिशवीत तसेच पडून होते. त्याची सही झाली होती. माझी राहिली होती. त्याने विषय काढला नव्हता, मीही नाही. दोघेही हवेविषयी फार बोलत होतो. त्या देशात तो विषय संपत नाही, ही मोठीच सोय!

टॉर्नाप्रेसला आडरस्त्याला वळलो तो समोर भला मोठा फलक. रस्ता २०५३ फूट चढतो, चढ पाचास एक. नवशिक्यांनी व अवजड गाड्यांनी जाऊ नये. सौभाग्यवतीने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, “भाऊजी, आपण नक्की नवशिके नाही ना?”

या घाटाचे गेलिक नाव ‘ब्यालख ना बा’, म्हणजे गुरांची खिंड. पूर्वी माणसे याच वाटेने गुरे बाजाराला हाकीत. ‘बा’ मधली गाय आपल्या संस्कृत ‘गो’ची दूरची बहीण आहे, हे मी सांगितले. मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीत बसवले की एवढे सोसावेच लागते. बांधीव रस्ता १८२२ सालचा. वळणे पाहून आपल्या आंबेनळी घाटाची आठवण व्हावी. फक्त झाड औषधालाही नाही. नुसता काळा खडक, पिवळे गवत आणि रस्त्यातच रवंथ करीत बसलेल्या मेंढ्या.

रस्ता एकाच गाडीपुरता. मध्ये मध्ये बाजूला थोडी रुंद जागा असते. समोरून गाडी आली की जवळच्याने तिथे थांबायचे आणि दुसऱ्याने हात वर करून पुढे जायचे. इतका सभ्य घाट मी पाहिला नव्हता. पण अगदी वरच्या वळणाखाली, फलक न वाचलेली एक घराएवढी गाडी समोर येऊन उभी राहिली. तिला मागे सरता येईना. आमची जागा दीडशे पावले खाली, आणि डाव्या हाताला दरी! भावाच्या कपाळावर घाम आला. तेव्हा ही खाली उतरली आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या थाटात ओरडू लागली, “येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे नको!” मी मागची काच पाहत बसलो. भावाने नकळत एका हाताने माझा गुडघा धरला होता. लहानपणी नदी ओलांडताना धरायचा तसा.

माथ्यावर समुद्र दिसला. पलीकडे स्काय, अलीकडे रासे बेट. त्या बेटावर कॅलम मॅक्लाउड नावाचा एक शेतकरी होता. आपल्या वस्तीला रस्ता द्या म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले. अखेर त्यानेच कुदळ, फावडे आणि हातगाडी घेऊन सुमारे दहा वर्षांत पावणेदोन मैल रस्ता एकट्याने केला. सरकारने पुढे त्यावर डांबर घातले. पण रस्ता पुरा झाला तोवर वस्ती जवळजवळ रिकामी झाली होती. १९८८ साली तो वारला. हे सगळे भावाने सांगितले, आणि सांगता सांगता गप्प झाला.

खाली ॲपलक्रॉस. नावात सफरचंद ऐकू येते, पण संबंध नाही. ते क्रॉसन नदीच्या मुखावरून पडले. इ.स. ६७३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या मेलरूबा या संताने इथे मठ स्थापला. गेलिक नावाचा अर्थ ‘अभयस्थान’. १९७०च्या दशकात किनाऱ्याचा रस्ता होईपर्यंत खुश्कीने यायला हा घाट सोडून दुसरा गाडीरस्ता नव्हता. बर्फ पडले की तोही बंद. आम्ही तिथे मासे खाल्ले. ते उत्तम होते. मात्र आमसुलाची उणीव सौभाग्यवतीने दोनदा बोलून दाखवली.

परतताना किनाऱ्याचा रस्ता धरला. वाटेत छप्पर नसलेली दगडी घरे दिसत होती. भिंती उभ्या, आत चारा. शील्डेग जवळ आले तेव्हा भावाने विचारले,

“दादा, आपल्या अंगणापर्यंत आता गाडी जाते का रे?”

“जाते,” मी म्हटले, “पावसाळा सोडून.”

“मग मे महिन्यात येतो,” तो म्हणाला, “तोवर राहू देत ते कागद.”