मानेतली लाट

ऑडिओग्राम नॉर्मल आला की इतर पेशंट खूश होतात. कानात आवाज येणारा मात्र हिरमुसतो. रात्रभर किर्र वाजतंय, आणि ही बाई म्हणते ऐकू छान येतंय! त्याची चीड अगदीच गैर नाही. त्या तपासणीत 250 ते 8000 हर्ट्झमधले मोजकेच सूर आम्ही वाजवतो. आतल्या कानात, ऐकण्याचं काम करणाऱ्या शंखाच्या भिंतीला भिंत लावून तोल सांभाळणारं जे बिऱ्हाड राहतं, त्याची चौकशी त्यात होतच नाही. मेंदूकडे जाणारी आठवी नस मात्र दोघांची एकच.

त्यातला सॅक्युल शंखाच्या अगदी लगत. त्याचं काम गुरुत्व ओळखण्याचं, पण मोठा आवाजही त्याला कळतो. या खोडीवरच व्हेम्प तपासणी उभी आहे; सिडनीच्या कोलबॅच आणि हल्मागी यांनी ती 1992 मध्ये मांडली. कानात 500 हर्ट्झचे मोठे ठोके द्यायचे, आणि ताणलेला मानेचा स्नायू क्षणभर सैलावतो का ते बघायचं. 13 मिलिसेकंदांच्या आसपास एक टोक, 23च्या आसपास उलटं, हीच ती लाट.

सगळी कसोटी मानेची. उजव्या कानासाठी "डोकं उचला, तोंड डावीकडे" म्हटलं की सुरुवातीला सगळे उत्साहात असतात. ठोके संपेपर्यंत मान उतरू लागते. लाटेची उंची स्नायूच्या ताणावर ठरते, त्यामुळे थकलेली मान आणि दुबळा सॅक्युल कागदावर सारखेच दिसतात. म्हणून माझी नजर लाटेपेक्षा ताण दाखवणाऱ्या पट्टीवर जास्त. दोन्ही बाजूंना सारखा ताण न घेता लिहिलेला रिपोर्ट मी तरी मानत नाही. कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी असेल तर ठोका नीट आत पोचतच नाही, ते आधीच बघायचं. वयानुसार लाट ठेंगणी होते, तेही धरायचं. आणि ठोके 95 डेसिबलच्या घरातले. आधीच आवाजाने गांजलेल्याला ते सोसतीलच असं नाही. एक-दोन ऐकवते. नको म्हणाला, तर नाही.

एका बाजूची लाट खुजी आली की पेशंट उठून बसतो. "म्हणजे आवाज यामुळेच?" इथे मी हात आखडता घेते. दोन्हींचं मूळ एक असेल, नसेलही. आवाज असूनही लाटा धडधाकट असलेले पेशंट मी पाहते. मी उलट विचारते, अंधारात किंवा खडबडीत वाटेवर पाय अडखळतात का? "हो, पण मला वाटलं वयामुळे." मग त्याला जाड फोमवर उभं करून डोळे मिटायला सांगते.