पैसा कोणाचा?

३ जानेवारी
मुलाखतीसाठी व्हॅल्युएशनचे सोपे प्रश्न आता पक्के झालेत. आजपासून अवघड. मावसबहीण याच क्षेत्रात आहे. फोनवर म्हणाली, "सूत्र मागाहून लिही गं. आधी विचार, हा पैसा कोणाचा?"
हाच प्रश्न घेऊन बसले. उपकंपनीत ७० टक्के हिस्सा असला, तरी एकत्रित हिशेबात तिचा एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) पूर्ण धरतात. म्हणून एंटरप्राइज व्हॅल्यूत, म्हणजे भागधारक आणि सावकार मिळून सगळ्यांच्या मूल्यात, उरलेल्या ३० टक्के भागधारकांचा वाटाही मिळवायचा. नाहीतर एंटरप्राइज व्हॅल्यू भागिले एबिटडा या गुणकाच्या छेदात सगळ्यांची कमाई आणि अंशात आपल्यापुरतंच मूल्य, असा मेळ बिघडतो.

५ जानेवारी
भाड्याच्या दुकानांतून विक्री करणाऱ्या कंपन्या. १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांचं लेखामानक इंड एएस ११६ लागू झालं. पूर्वी भाडं एबिटडाच्या आधी वजा होई. आता बहुतेक भाडेकरारांत त्याचा घसारा आणि व्याज होतं, दोन्ही एबिटडाच्या खाली. एबिटडा वाढतो, तिजोरीतून जाणारी रक्कम तीच राहते. म्हणजे जागामालक आता सावकारांच्या रांगेत आला. भाडेकराराचं देणं कर्जात धरलंच पाहिजे. जुन्या-नव्या वर्षांचे गुणक थेट शेजारी मांडायचे नाहीत.

८ जानेवारी
बँक. इथे एबिटडा निरुपयोगी, कारण ठेवी हा बँकेचा कच्चा माल आणि व्याज हाच धंदा. म्हणून फक्त भागधारकांच्या पैशाकडे बघायचं. भांडवलावरचा परतावा १६ टक्के, भागधारकांची अपेक्षा १३, वाढ ७. सोळातून सात गेले नऊ, तेरातून सात गेले सहा. नऊ भागिले सहा, म्हणून शेअरची किंमत पुस्तकी मूल्याच्या दीडपट. परतावाही १३ असता, तर बरोबर एकपट.

११ जानेवारी
आजचा दिवस फार मोलाचा. 'वाढीचा दर वाढला की मूल्य वाढतं का?' यावर दुपारभर आकडेमोड केली. पुढच्या वर्षीचा करोत्तर कामकाजी नफा १००, भांडवलाचा खर्च १२ टक्के, नव्या गुंतवणुकीवरचा परतावाही १२. वाढ ३ टक्के हवी तर नफ्यातले २५ परत गुंतवावे लागतात. उरलेले ७५ भागिले ०.०९ (१२ वजा ३ टक्के), म्हणजे ८३३. वाढ ६ टक्के हवी तर ५० गुंतवायचे; ५० भागिले ०.०६, पुन्हा ८३३! परतावा २० टक्के केला, तेव्हा मात्र तीच वाढ मूल्य ९४४ वरून ११६७ वर नेते. वाढीचा खर्च मालकांच्याच खिशातून होतो. तो पैसा भांडवलाच्या खर्चापेक्षा जास्त कमावतो, तेव्हाच मूल्य वाढतं.

१३ जानेवारी
मावसबहिणीने सराव मुलाखत घेतली. "हाताशी असलेल्या १०० कोटींतून कर्ज फेडलं. एंटरप्राइज व्हॅल्यू किती बदलली?" काहीच नाही, मी म्हटलं. रोख घटली तेवढंच कर्ज घटलं; निव्वळ कर्ज तेच, भागधारकांचा वाटाही तोच. "का, ते सूत्राशिवाय सांग," ती म्हणाली. सांगता आलं.
प्रत्येक आकड्यामागे हक्क असलेला कुणीतरी माणूस असतो. त्याचा वाटा त्याला नीट मोजून देणं, हे काम मला मनापासून करायचंय. उद्या होल्डिंग कंपन्या.