खुळखुळा

मनुष्यप्राण्याच्या आयुष्यात खुळखुळा दोनदा येतो. पहिल्यांदा पाळण्यात असताना, आणि दुसऱ्यांदा मासे धरण्याचा नाद लागल्यावर. मधल्या काळात तो खिशातल्या चिल्लरीवर भागवतो.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे मासे धरायला पूर्वापार काही वाजवावे लागत नाही. गळाला गांडूळ लावावे, डोहाकाठी बसावे आणि तोंड बंद ठेवावे. (ही शेवटची अट फार थोड्या मराठी माणसांना झेपते.) ज्यांना बसण्याचा कंटाळा, ते पाग टाकतात. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्याने वर चढू लागले म्हणजे अख्खे गाव बॅटऱ्या घेऊन पाण्यात उतरते.

आता मात्र रविवारी सकाळी आसनगाव स्टेशनवर उतरणाऱ्या काही मंडळींच्या खांद्याला बंदुकीसारखी लांब पिशवी दिसते. तीत घडीची काठी, दोरा गुंडाळायची चकरी आणि एका डबीत रबराचे बेडूक. शेजारच्या भातखाचरात खरा बेडूक फुकटात ओरडत असताना ही मंडळी नोटा मोजून मुका बेडूक विकत घेतात! आणि तो मुका म्हणून त्याच्या पोटात खुळखुळा भरतात. हा सगळा थाट मरळीसाठी. मरळ म्हणजे आमच्या गोड्या पाण्यातला फौजदार. वर्दी पट्टेरी, चेहरा सापाचा आणि भूक खात्याला शोभेलशी.

माशाला खुळखुळा ऐकू येतो का, ही शंका वाजवी आहे. कान दिसत नाहीत, हे खरे. पण ते डोक्याच्या आत असतात, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिला पाण्यातली बारीकशी हालचालही कळते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. पुढे मधमाश्यांच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली एक निबंध लिहिला होता. विषय काय, तर शिट्टी वाजवली की येणारा मासा! तो शिंगटीच्या जातकुळीतला होता आणि आंधळा होता. आमच्या भातसा आणि काळू नद्यांना आषाढात अमृततुल्य चहाचा रंग चढतो, तेव्हा डोळस मासेही आंधळेच. अशा पाण्यात बेडूक दिसायचा नाही; तो ऐकू आला पाहिजे.

खुळखुळा विकत मिळतो. पण घरी करता येणारी वस्तू विकत आणणे हा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला कलंक आहे. शिवाय बँकेत संपलेल्या बॉलपेनांना तोटा नाही. पेनाच्या नळीचा दीड इंच तुकडा कापावा. एक टोक मेणबत्तीवर मऊ करून पकडीने दाबावे. आत सायकलच्या पुढच्या चाकाचे छर्रे टाकावेत; मागच्या चाकाचे मोठे असतात, ते नळीत अडकतात. मग दुसरे टोक बंद करून दोन्हींवर एम-सील थापावे, कारण आत पाणी शिरले की खुळखुळ्याचा घसा बसतो. शिशाच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या दबक्या वाजतात, आणि शिसे पाण्यात पडणे पाखरांना विषासारखे, म्हणून इंग्लंडात १९८७ पासून गळाची शिशाची वजने विकायला बंदी आली. सर्वांत खणखणीत आवाज काचेचा. होमिओपॅथीच्या गोळ्यांची लहानात लहान बाटली या कामी उत्तम. औषधाचा गुण येतो की नाही यावर मतभेद आहेत, बाटलीच्या गुणाविषयी नाहीत.

यातले मर्म एकच. पाच छर्ऱ्यांच्या जागेत तीनच टाकायचे. नळी गच्च भरली की ती मुकी होते. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ते उगाच नाही. कॅश काउंटरच्या या बाजूला वीस वर्षे बसून मीही हेच पाहत आलो आहे.

खुळखुळ्याची चाचणी बादलीत होते. कान बादलीला लावून मी हात पाण्यात हलवत होतो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निदान दार तरी लावून घ्या. शेजारी येतात-जातात." यावर मी तिला फिनलंडच्या लौरी रापालाची गोष्ट सांगितली. त्या गरीब कोळ्याने १९३६ साली बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर लेप दिला. पुढे त्याची कंपनी जगभर गेली. "त्याच्या बायकोने काय सोसलं असेल!" एवढेच उत्तर आले.

नदीवर एका कातकरी बाबांनी मात्र माझा खुळखुळा हातात घेऊन कानाशी वाजवून पाहिला.

"साहेब, यो पोर निजवाला का मरल धराला?"

"मरळ धरायला, बाबा."

"मंग बराबर हाय. पोरं हायेत म्हनून तर ती येते."

त्यांनी हनुवटीने डोहाकडे दाखवले. काठालगत पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका हलत होता. मरळीची पिल्ले. मरळ पावसाळ्यात वीण घालते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत खालून पहारा करते. "ती खायाला नाय येत," बाबा म्हणाले, "हाकलाला येते."

आमच्या घरात मूल लहान होते तेव्हा रात्री पाळण्याकडे जराशी खुडबुड झाली, की आम्ही दोघे अंधारात एकमेकांवर आपटत धावायचो. त्या वेळी कोणी आम्हाला गळ लावला असता, तर आम्हीही तो बिनबोभाट गिळला असता. मरळीचे तसेच. फरक इतकाच, की तिला उचलून नेले म्हणजे तो तांबूस पुंजका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. कढई एकीची, पण हिशेब शेकड्यांचा.

तेव्हा ताळेबंद असा, की खुळखुळा खरा लागतो गढूळ पाण्यात, आणि पाणी गढूळ असते ते मरळीच्या बाळंतपणात. श्रावणात मासे न खाणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. खुळखुळ्यानेही श्रावण पाळावा, आणि जमल्यास आषाढ-भाद्रपदही. माझे सात खुळखुळे सध्या टेबलाच्या खणात आहेत. दिवाळीनंतर पाणी निवळेल, पिल्ले आपापल्या वाटेला लागतील. मग अंधाऱ्या रात्री येणारी मरळ भुकेपोटी आलेली असेल. तिची भूक आणि माझी भूक, दोघांचा समोरासमोरचा व्यवहार. तोवर खण उघडताना तेवढा आवाज होतो. सौभाग्यवती आतून विचारतात, "काय वाजलं?" मी म्हणतो, "काही नाही. मुदत ठेव आहे."