सरासरी बरोबर, पण काडतूस चुकीचे : कणांच्या मोजमापाची गोष्ट

अमेरिकेतील अनेक नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवतात आणि घरच्या टेबलावर त्या पुन्हा भरतात. तेथे हा रुळलेला छंद आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याकडे हा प्रयोग कोणी घरी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही त्या टेबलावर जी अडचण उभी राहते, ती भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावी अशी आहे. अडचण एका वाक्यात सांगता येते : प्रत्येक पुंगळीत बंदुकीची दारू तंतोतंत तितकीच कशी पडेल?

या छंदात वजन मोजण्याचे एकक ‘ग्रेन’ आहे. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. नाव धान्याच्या दाण्यावरून आलेले. आपल्याकडील सोनारांचे गणितही बियांवरच उभे होते. ९६ गुंजांचा एक तोळा, आणि ब्रिटिश अमदानीत तोळा नक्की केला गेला तो १८० ग्रेनचा. निसर्गातील एक दाणा दुसऱ्यासारखा असतो, या विश्वासावर दोन्ही संस्कृतींनी आपापले तराजू उभारले. हा विश्वास किती जपून ठेवावा लागतो, हे दारू मोजताना कळते.

मध्यम आकाराच्या रायफलच्या एका काडतुसात ४५ ग्रेन दारू भरायची आहे असे उदाहरणादाखल धरू. प्रत्येक वेळी तराजूवर तोलत बसणे वेळखाऊ, म्हणून बहुतेक जण माप वापरतात. वर दारूने भरलेली उभी टाकी, खाली फिरणारा दंडगोल आणि त्या दंडगोलात कमीजास्त करता येणारी पोकळी. दांडा वर केला की पोकळी भरते, खाली आणला की ती पुंगळीत रिकामी होते. यंत्र मोजते ते आकारमान. नेमबाजाला हवे असते ते वजन. या दोहोंमध्ये जी राशी दडलेली आहे तिला ‘भरणगुणांक’ म्हणू : पोकळीच्या एकूण आकारमानापैकी प्रत्यक्ष कणांनी व्यापलेला अंश.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न नाही. लिटरचे माप भरले की पाण्याचे वजन ठरलेलेच. कणांचे तसे नाही. एकाच मापाचे गोल मणी हलक्या हाताने ओतले तर ते पोकळीचा सुमारे ५५ ते ६० टक्के भाग व्यापतात. तेच हलवून, ठोकून बसवले तर ६४ टक्क्यांपर्यंत जातात. फळवाल्याच्या संत्र्यांसारखे थरावर थर रचले तर ७४ टक्के, आणि त्यापलीकडे कोणतीही रचना जाऊ शकत नाही. म्हणजे भांडे तेच, मणी तेच, आणि तरी वजनात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडू शकतो. जुन्या काळी शेर-पायलीने धान्य विकत घेणाऱ्या गृहिणीला हे पुस्तकाविना ठाऊक होते. माप सपाट आहे की शिगोशीग, सैल भरले की ठोकून, यावर तिचे डोळे खिळलेले असत. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली, तशी हळूहळू पायली मागे पडली आणि धान्य किलोवर आले. तो बदल एककांपुरता नव्हता. आकारमानाकडून वस्तुमानाकडे झालेली ती वाटचाल होती.

आता नेमबाजाचे गणित पाहू. त्याला ४५ ग्रेनमध्ये ०.१ ग्रेनची अचूकता हवी असते, म्हणजे साधारण ०.२२ टक्के. भरणगुणांक ०.६० असेल, तर तो दर वेळी ०.००१३ च्या आत तसाच राहिला पाहिजे. काडीसारख्या दाण्यांच्या दारूत एका दाण्याचे वजन अंदाजे ०.०२ ग्रेन भरते. म्हणजे सव्वादोन हजार दाण्यांत केवळ पाचांची चूक चालेल. ती पोकळी डोळ्यांनी पाहून भरलेली नसते, एका हाताच्या झटक्याने भरलेली असते.

म्हणून सगळी मदार त्या हातावर येते. दांडा एकदा हळू आणि एकदा जोरात फिरवला, की कणांची बैठक बदलते. टेबलाला धक्का लागला, तरी बदलते. नव्याने ओतलेली दारू आरंभी सैल असते आणि दांड्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर थोडीथोडी बसत जाते. शिकागो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवले की ठोके देत गेल्यावर कणांची घनता अतिशय मंदपणे, लॉगॅरिदमच्या गतीने वाढते. पहिल्या ठोक्यांत पुष्कळ फरक, पुढे कमी कमी. त्यामुळे जाणकार मंडळी पहिली दहा-पंधरा मापे पुन्हा टाकीत ओततात आणि माप स्थिरावल्यावरच पुंगळ्या भरायला घेतात. त्यांच्या या अनुभवाला या प्रयोगातून कारण मिळते.

टाकी किती भरलेली आहे याचाही परिणाम होतो, पण वाटतो तसा नाही. पाण्याच्या टाकीत तळाचा दाब उंचीबरोबर सरळ वाढतो. कणांच्या टाकीत तो काही उंचीनंतर वाढायचाच थांबतो, कारण कण भिंतींना रेटतात आणि घर्षणामुळे वरचा भार भिंती उचलतात. जर्मन अभियंता यान्सेन याने धान्याच्या कोठारांसाठी १८९५ मध्ये याचे गणित मांडले. म्हणूनच टाकी अर्ध्यापेक्षा अधिक भरलेली ठेवली तर माप स्थिर राहते. तळाला आल्यावर मात्र दाब झपाट्याने घटतो आणि माप हलके पडू लागते. काही मापांत टाकीच्या आत आडवी पट्टी बसवलेली असते, तिचे काम हेच : वरचा भार खालच्या कणांपर्यंत पोहोचू न देणे.

कणांचा आकार हा तिसरा घटक. गोल कणांची दारू पाण्यासारखी वाहते आणि तिचे माप एकसारखे पडते. काड्यांसारखी दारू मात्र एकमेकींत अडकते, दंडगोलाच्या कडेशी कापली जाते, आणि कोणती काडी आडवी पडेल व कोणती उभी, यावर वजन ठरते. काड्यांच्या वागण्याचे हे कुतूहल भारतीय प्रयोगशाळांतही जोपासले गेले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातूच्या इवल्या काड्या कंपणाऱ्या पृष्ठावर पसरून केलेल्या प्रयोगांत दिसले की त्या आपोआप एका दिशेने रांगा धरतात, आणि त्यांच्या संख्येतील चढउतार नेहमीच्या सांख्यिकीच्या अपेक्षेहून कितीतरी मोठे असतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन पक्ष्यांच्या थव्यांचे भौतिकशास्त्र समजून घेण्यासाठी होते; बंदुकीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण काड्यांचा समूह गोट्यांच्या समूहासारखा वागत नाही, हे सत्य दोन्हीकडे एकच.

इतका आटापिटा कशासाठी, असा प्रश्न पडेल. उत्तर ज्वलनात आहे. दारूच्या जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, आणि जळण्याने दाब वाढतो. एकाने दुसऱ्याला चढवत न्यायचे, असा हा व्यवहार. त्यामुळे दारू काही टक्क्यांनी वाढली तर दाब त्याहून अधिक प्रमाणात वाढतो. दारूचे प्रमाण आधीच कमाल मर्यादेजवळ असेल, तर उरलेली सुरक्षितता थोड्याशा चुकीनेही संपते, आणि ते काडतूस गालापासून वीतभर अंतरावर फुटायचे असते.

येथेच या छंदातील सर्वांत बोलकी चूक समोर येते. माप तपासण्याची एक सोपी रीत आहे : दहा मापे एकाच पात्रात घ्यावीत, एकदम तोलावीत आणि दहाने भागावे. तराजूची अचूकता ०.१ ग्रेन असली, तरी सरासरी ०.०१ पर्यंत कळते. रीत चुकीची नाही. पोकळीचा आकार ठरवायला ती उत्तमच आहे. पण काड्यांसारखी दारू कधीकधी नळीच्या तोंडाशी एकमेकींना टेकून कमान धरते. एका पुंगळीत ४० ग्रेनच पडते, वर अडकलेले ५ ग्रेन पुढच्या पुंगळीत उतरतात आणि तेथे ५० होतात. उरलेल्या आठांत ४५. बेरीज ४५०, सरासरी ४५.०. कागदावर सारे निर्दोष, आणि रांगेतील एक काडतूस अकरा टक्के अधिक भरलेले! एकेक वजन लिहिले असते तर प्रमाण विचलन सुमारे २.४ ग्रेन आले असते आणि धोका तत्काळ दिसला असता. म्हणून शिस्तबद्ध नेमबाज ठरावीक मापांनंतर एक माप स्वतंत्रपणे तोलतो, तराजू ज्ञात वजनाने पडताळतो, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून पातळी पाहतो. ही शेवटची पायरी सर्वांत कमी शास्त्रीय वाटते. पण प्रत्येक काडतुसाची स्वतंत्र विचारपूस करणारी तीच एक पायरी आहे.

बंदूक बाजूला ठेवली तरी हा प्रश्न आपल्या घरातून जात नाही. भारतात तयार होणारी औषधी गोळी याच पद्धतीने मोजली जाते. यंत्राच्या साच्यात भुकटी आकारमानाने भरते आणि दट्ट्याने दाबली जाते. प्रत्येक गोळी वेगळी तोलून भरणे कारखान्याच्या वेगाला परवडणारे नाही. बारीक भुकटी नीट वाहत नाही, म्हणून बहुधा आधी तिचे रवाळ दाणे करून घेतात. तरीही भारतीय औषधकोश सरासरीवर समाधान मानत नाही. २० गोळ्या एकेक करून तोलाव्यात असे तो सांगतो. सरासरी २५० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर दोनपेक्षा जास्त गोळ्या ५ टक्क्यांच्या बाहेर जाता कामा नयेत आणि एकही १० टक्क्यांच्या बाहेर जाता कामा नये. शिवाय वजन बरोबर असून औषध कमी, असेही घडू शकते. चिवड्याचा डबा हलवत राहिला की चुरा तळाशी जातो आणि शेंगदाणे वर येतात. मिश्रणातील औषधाचे कणही असेच वेगळे होऊ शकतात. म्हणून अल्प मात्रेच्या औषधांत प्रत्येक गोळीतील औषधाचा अंश निराळा तपासावा लागतो. थायरॉइडच्या गोळीत औषध मायक्रोग्रॅममध्ये असते, तेथे या तपासणीवाचून गत्यंतर नाही.

देशाच्या वस्तुमानाची परंपरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपली जाते. आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रतिकृती तेथे आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर न राहता प्लांकच्या स्थिरांकावर आधारली गेली. एकक आता अढळ झाले. परंतु एकक अढळ झाले म्हणून मोजमाप अढळ होत नाही. प्लांकचा स्थिरांक आणि पुंगळीतील दारू यांच्यामध्ये एक हात असतो, एक टाकी असते आणि कण कसे बसतील याची अनिश्चितता असते.

प्रयोगवहीत पाच वाचने घेऊन केवळ त्यांची सरासरी उतरवणाऱ्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. सरासरी मापाविषयी सांगते. विचलन त्या मापावर अवलंबून असलेल्या माणसाविषयी सांगते. सरासरी गोळी कोणताही रुग्ण गिळत नाही. त्याच्या हातावर पडते ती एकच, आणि ती बरोबर असण्याचा हक्क त्याला आहे.