दहा पावलं वर

तळं हवं होतं, समुद्र मिळाला. म्हणजे मूळ प्लॅन पवनेचा होता. धरणाच्या पाण्याकाठी तंबू, समोर तिकोना, शेकोटी, बार्बेक्यू, कुणाच्या तरी हातात गिटार. मुंबई-पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांनी एकदा तरी केलेला प्रोग्राम. पण नवीन वर्षाचा पहिलाच वीकएण्ड, आणि आम्ही फोन लावायला बसलो ३१ डिसेंबरच्या दुपारी! सगळीकडून एकच उत्तर, ‘सर, फुल्ल आहे.’ तेव्हा आमचा मित्र म्हणाला, ‘पाणीच हवंय ना? मग काशीद. तंबू तर आपलेच आहेत.’

या मित्राला आम्ही ‘प्लॅनर’ म्हणतो. ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर, आणि ऑफिसाबाहेरही. पवनेला तो सहा वेळा जाऊन आलाय, त्यामुळे कॅम्पिंग या विषयात त्याचा शब्द शेवटचा. मी, बायको, आमची सात वर्षांची लेक आणि तो, अशी चौघांची टीम. दोन तंबू. एक आमचा, ऑनलाइन मागवलेला, ‘चार माणसांसाठी’ असं लिहिलेला. (चार माणसं म्हणजे कुठली चार, हे लिहिलेलं नव्हतं.) दुसरा त्याचा, एकट्यापुरता.

शनिवार, ३ जानेवारी २०२६. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला सोडणारी रो-रो २०२० पासून सुरू आहे, तासाभरात पलीकडे. पण तिचंही बुकिंग मिळालं नाही. मग ठाण्याहून पेण, वडखळ, अलिबाग असा रस्त्यानेच प्रवास. वडखळच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही, तुम्हीही कधी ना कधी अडकला असालच. खरी मजा अलिबाग सोडल्यावर. चौलच्या वाड्या, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, साळाव. मग उजवीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा किल्ला दिसतो आणि गाडीतले सगळे एकदम गप्प होतात. कोर्लईला थांबावं असं दर वेळी ठरतं. किल्ल्याखालच्या वस्तीत आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली एक वेगळीच बोली बोलतात, ती एकदा ऐकायची आहे. याही वेळी उशीर झाला म्हणून थांबलो नाही. बोर्ली गेलं, आणि मग एका वळणावर काशीद.

पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. समुद्र पार लांब गेलेला. पांढुरक्या वाळूचा तीनेक किलोमीटरचा पट्टा, वर सुरूची झाडं, त्यामागे फणसाडचे डोंगर. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. गर्दी होती, पण रुंदच रुंद किनाऱ्यावर तीही विखुरलेली. सूर्य बुडायला अर्धा तास. ‘आधी तंबू, मग फोटो,’ प्लॅनरने ऑर्डर सोडली.

आणि इथून आमचे दिवस फिरले.

पहिली गोष्ट, तंबूच्या काड्या. फायबरच्या नळ्या, आतून इलॅस्टिक, एकमेकीत खोचत जायचं. व्हिडिओत तीन मिनिटांत होतं. आमच्या एका काडीचं इलॅस्टिक आतच तुटलेलं. खोचलेली नळी दुसरं टोक वाकवलं की टपकन निसटायची. लेकीने नळ्या धरायच्या, मी वाकवायचं, बायकोने कापड ओढायचं, आणि समुद्रावरून येणारा वारा ते कापड पतंगासारखं उडवणार. दुसरी गोष्ट, हवेची गादी. तिचा पंप गाडीच्या लायटरच्या सॉकेटवर चालणारा, आणि गाडी वर रस्त्याला. म्हणजे गादी तिथेच फुगवायची आणि फुगलेली गादी दोघांनी डोक्यावर धरून वाळूतून आणायची. भर वाऱ्यात! शिडाचं जहाज कसं चालत असेल, ते त्या दिवशी कळलं. सरबताच्या टपऱ्यांवरची अख्खी जनता आमच्याकडे बघत होती. दोघांनी तर शूटिंगही केलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, खुंट्या. पवनेच्या काठाला माती आहे. खुंटी ठोकली की बसते. वाळूत ती ठोकावी लागत नाही, हाताने खोल जाते, आणि तितक्याच प्रेमाने वर येते. चार ठोकल्या की पहिली सुटायची. शेवटी प्रत्येक खुंटीवर एकेक सामान ठेवलं. पाण्याचे कॅन, कूलर बॉक्स, कोळशाची पिशवी. तंबू उभा राहिला खरा, पण आजारी माणसाला चारी बाजूंनी धरून उभं केल्यासारखा.

जागा मात्र प्लॅनरने पद्धतशीर निवडली होती, हे मान्य करायला हवं. दुपारच्या भरतीची खूण वाळूत स्पष्ट होती. शिंपले, काटक्या, प्लॅस्टिक यांची लांबलचक रेघ. त्या रेघेपासून त्याने मोजून दहा पावलं वर जागा धरली. ‘पाणी इथपर्यंत येतं. आपण सेफ्टी मार्जिन ठेवलंय.’ मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

त्याला पोहायचंही होतं. पण काशीदचा उतार फसवा, पाय टाकता टाकता पाणी कमरेच्या वर जातं. शिवाय २०१६ च्या फेब्रुवारीत इथून पुढे मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजची चौदा मुलं बुडाली, तेव्हापासून या बाजूच्या पाण्याचं नाव काढलं की बायकोचा चेहरा बदलतो. ती फक्त ‘नको’ म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

मग चंद्र आला. डोंगराच्या मागून, चांगला मोठा, पिवळा. वाळू उजळली, शेकोटी पेटली. लेकीने पहिल्यांदाच उघड्यावर मॅगी खाल्ली आणि जगातलं सर्वोत्तम जेवण हेच, असं जाहीर केलं. साडेआठलाच ती तंबूत झोपली. आम्ही तिघं बाहेर. लाटांचा आवाज जरा जवळ आल्यासारखा वाटत होता, पण आवाजाचं काय, रात्री सगळेच आवाज जवळ येतात.

नऊच्या सुमाराला सुरूखालच्या टपरीतली मावशी खाली आली. हिच्याकडेच आम्ही भजी खाल्ली होती. टपरी बंद करून घरी निघालेली, हातात बॅटरी. तिने तंबूकडे बघितलं, मग आमच्याकडे.

‘पोर आत हाय?’

‘हो, झोपली.’

‘उठवा. इथं नका झोपू. आज पुनव हाय.’

प्लॅनरने तिला शांतपणे, क्लायंटला समजावतात तसं, ती शिंपल्यांची रेघ दाखवली. दहा पावलांचं मार्जिन सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते दिवसाचं पानी दादा. थंडीत रातचं पानी मोठं. पावसात दिवसाचं मोठं. बारा वाजता बघा.’

खरं सांगायचं तर हे मला माहीत असायला हवं होतं. मुंबईत पावसाळ्यात पालिका मोठ्या भरतीचे इशारे देते, ते बहुतेक दुपारचे असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत मोठी उधाणं येतात ती मध्यरात्रीच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती येते हे शाळेत शिकलो होतो, पण दोन्ही सारख्याच उंचीच्या नसतात हे कुणी सांगितलं नव्हतं. पुनवेला आणि अवसेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. किनाऱ्यावरच्या लोकांना यासाठी ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. मावशीने बोटांवर मोजून दाखवलं. पुनव म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं मागेपुढे. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा. आमच्याकडे पाच हजारांचा तंबू होता, तीन पॉवर बँक होत्या, आणि घरी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या दिवशी शाकंभरी पौर्णिमा छापलेली होती. बायको म्हणाली, ‘मी सकाळी वाचली होती. नैवेद्याचं काही आहे का, एवढंच बघितलं.’

मी प्लॅनरकडे बघितलं. तो म्हणाला, ‘पॅनिक होऊ नका. दहा पावलं आहेत.’

बायको एक शब्द न बोलता तंबूत गेली आणि झोपलेल्या लेकीला खांद्यावर टाकून वर चालू लागली.

त्या क्षणी मी मित्राच्या बाजूने थोडा रेंगाळलो, हे लिहून टाकतो. त्याला वाईट वाटेल, एवढंच डोक्यात होतं. पोरगी आत झोपली होती आणि मी मैत्रीचा विचार करत होतो. मग धावत गेलो.

आमचा तंबू उभाच्या उभा उचलून वर सुरूत नेला. मावशीने जागा दाखवली. ‘इथं पहिलं चालायला वाट नव्हती, एवढी झाडं,’ ती म्हणाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं. सुरू तर काड्या मोडाव्या तशा मोडल्या, तिची टपरी पत्र्यांसकट गेली. कुठे गेली, हे नंतरही कळलं नाही. आता मधे मधे नवी रोपं आहेत. खुंट्यांचा उपायही तिचाच. टपरीतली रिकामी सिमेंटची पोती काढून दिली. पोत्यात वाळू भरायची, तोंडाला तंबूची दोरी बांधायची आणि पोतं हातभर खोल पुरायचं. वाळूला वाळूनेच धरायचं. दहा मिनिटांत तंबू असा ताठ उभा राहिला की, संध्याकाळचे ते दीड तास आठवून हसायला आलं. पैसे विचारले तर म्हणाली, ‘सकाळी चा घ्या,’ आणि बॅटरी हलवत निघून गेली.

प्लॅनर आला नाही. त्याने त्याचा एकट्याचा तंबू तिथेच ठेवला. ‘मला बघायचंय,’ म्हणाला. मी अकरा वाजता खाली गेलो तेव्हा तो कॅम्पिंगच्या खुर्चीत बसला होता, टॉर्च त्या रेघेवर धरून. रेघ नव्हती. शिंपले, काटक्या सगळं उचलून पाणी पुढे सरकलं होतं. आम्ही दोघं काही बोललो नाही. एक लाट यायची, थांबायची, मागे जायची, आणि पुढच्या पाच-सहा त्याच्या अलीकडेच संपायच्या. वाटायचं, झालं, एवढंच. मग एखादी यायची ती थेट पुढे. आठ पावलं राहिली. पाच. तीन. चांदण्यात सगळं इतकं सुंदर दिसत होतं की भीती वाटायला उशीर लागला.

बाराला दहा कमी असताना एक लाट आली आणि थांबलीच नाही. खुर्चीखालून, कूलरखालून, तंबूखालून गेली. तंबू क्षणभर तरंगला. मग ती मागे फिरली तेव्हा पायाखालची वाळू सळसळत निघून गेली, आणि तंबू तिच्याबरोबर निघाला! प्लॅनरने एक टोक धरलं, मी दुसरं. गुडघाभरच पाणी, पण ओढ अशी की दोन मोठे पुरुष वाकून मागे रेटत होते. आत स्लीपिंग बॅग, लॅपटॉपची बॅग (हो, कॅम्पिंगला लॅपटॉप), भिजून दगडासारखं जड. एक चप्पल गेली, कोळसा गेला, कूलरचं झाकण गेलं. ओढत वर आणलं आणि दोघं वाळूत बसलो. श्वास लागला होता.

आमचा तंबू जिथे होता, तिथेही पाणी खेळत होतं. फार नाही, घोटाभर. मी तिकडे बराच वेळ बघत राहिलो. प्लॅनरही बघत होता. ‘सॉरी,’ तो म्हणाला. एवढंच.

तो उरलेली रात्र गाडीत झोपला. आम्ही सुरूत. तिथेही एक गंमत बाकी होतीच. समुद्राचा वारा लागू नये म्हणून तंबूचं तोंड डोंगराकडे केलं होतं, आणि चारच्या सुमाराला वाराच फिरला. शाळेच्या भूगोलात वाचले होते ना, दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे? ते मतलई वारे मी पहिल्यांदा नाकाने ओळखले. खारट वास गेला आणि फणसाडच्या बाजूने पालापाचोळ्याचा, ओल्या मातीचा गार वास आला. थेट आमच्या तोंडावर. तिघांनी दोन ब्लँकेटांत उजाडेपर्यंत काढलं.

सकाळी समुद्र पुन्हा पार लांब, जसं काही झालंच नाही. नवी रेघ होती. लेकीने जुन्या जागेपासून त्या रेघेपर्यंत मोजलं, तिची सात पावलं वर. मावशीची टपरी उघडली होती. तिने विचारलंही नाही. प्लॅनरकडे एकदा बघितलं, त्याच्या एकाच चपलेकडे बघितलं आणि त्याच्या चहात आलं जास्त घातलं. तो कागद-पेन घेऊन बसला होता. ‘मावशी, अमावास्येला पण पंधराच धरायचे का?’ ‘पंधराच.’ ‘आणि एकादशीला अकरा.’ ‘मग, सव्वाआठ.’

तुम्ही जाणार असाल तर तंबू किनाऱ्यावर लावू नकाच. गावातल्या वाड्यांमधून पैसे देऊन जागा मिळते. नारळाची सावली, विहिरीचं पाणी, बाथरूम, आणि मुख्य म्हणजे मालक जवळ असतो. जागा ठरवण्याआधी त्याला विचारा. जाड दोरी आणि चार रिकामी पोती न्या. हातोडीची गरज नाही. नांदगाव, मुरूड, जंजिरा पुढेच आहेत, दुसऱ्या दिवशी होतात. आमचे झाले नाहीत, आम्ही स्लीपिंग बॅग वाळवत बसलो.

निघताना खुंट्या मोजल्या. चोवीसपैकी सतरा. लेक उरलेल्या शोधायला वाळूत फिरून आली आणि धावत सांगत आली की एक सापडली. टपरीच्या ताडपत्रीचं एक टोक मावशीने आमच्याच निळ्या खुंटीला बांधलं होतं. ‘आणू?’ तिने विचारलं. बायको म्हणाली, ‘राहू दे.’