दिव्याखालचे भुंगेरे

वळीव पडला की अंगणातल्या दिव्याखाली भुंगेऱ्यांचा सडा पडायचा, आता चार भुंगेरेही दिसत नाहीत, ही तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. ती हसण्यावारी नेणं सोपं आहे. आठवणीला भरघोस वर्षंच लक्षात राहतात आणि पाऊस दरसाल सारखा नसतो. शिवाय दिवाच बदलला: पाऱ्याच्या जुन्या दिव्यातले अतिनील किरण किड्यांना ओढून आणत, एलईडीत ते जवळजवळ नसतातच. हे सारे आक्षेप मान्य. पण त्यांतून एवढंच ठरतं की आठवण पुरत नाही, मोजणी हवी; आणि मोजायला पदवी लागत नाही. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटकप्रेमींनी 1989 पासून 27 वर्षं एकाच प्रकारचे सापळे लावले, सापडलेले किडे तोलले. 63 संरक्षित जागांवरच्या उडत्या किड्यांचं वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलेलं निघालं. 2017 साली हे आकडे छापून आले, तेव्हा जग दचकलं.

मात्र नुसतं ‘भुंगेरे’ म्हणून भागत नाही; त्यांच्या नोंदलेल्या जातीच चार लाखांच्या घरात आहेत. संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमणारा हुमणीचा भुंगेरा कमी झाला तर ऊसवाला सुटकेचा निःश्वास टाकेल. शेणकिडा कमी झाला तर मात्र कुणाच्या ध्यानातही येणार नाही, आणि मला खरा घोर त्याचाच वाटतो. ऑस्ट्रेलियात 1788 साली गोऱ्या वसाहतवाल्यांनी गुरं नेली. तिथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईच्या ओल्या शेणाला त्यांतले फारसे शिवेनात. पो तसेच वाळत पडले, त्यांखालचं गवत मेलं, माश्या माजल्या. शेवटी 1968 पासून सरकारी शास्त्रज्ञांनी परदेशांतले शेणकिडे आणून सोडले. इतकी किंमत असलेला हा प्राणी आपल्याकडे फुकट राबतो. पण जनावरांना जंतांसाठी दिलेलं आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्याच्या अळ्यांना मारतं. म्हणून संख्येइतकंच, कोण नाहीसं झालं हे महत्त्वाचं. तेव्हा यंदा वळीव पडला की तारीख लिहा, भुंगेरे जातवार मोजा, आणि निदान मोजणीपुरता तरी दिवा बदलू नका.