पुन्हा पाहणारा समीक्षक

व्हिन्सेंट गॅलोच्या ‘द ब्राउन बनी’चा विषय निघाला की बोलणं शेवटाकडच्या त्या एका उघड्या लैंगिक प्रसंगावर येऊन अडतं. 2003 साली कान महोत्सवातही तेच झालं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि समीक्षक रॉजर एबर्ट यांनी तर महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून त्याची बोळवण केली.

लेखन, छायाचित्रण, संकलनापासून नायकापर्यंत सगळं गॅलोनंच केलेला हा कमी पैशांतला चित्रपट. मोटारसायकल शर्यतीतला बड न्यू हॅम्पशायरहून कॅलिफोर्नियाकडे व्हॅननं निघतो. काचेपलीकडून रस्ता सरकत राहतो, फारसं कुणी बोलत नाही. वाटेत एका थांब्यावर बाकावर एकटीच बसलेली मध्यमवयीन बाई त्याला दिसते. तो जवळ जाऊन बसतो. तिच्या डोळ्यांत पाणी येतं, दोघं एकमेकांना बिलगतात. मग तो उठतो आणि निघून जातो. एकटेपणा माणसाला जवळ ओढतो आणि जवळ टिकूही देत नाही, हे इतक्या नेमकेपणानं मी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

त्याची प्रेयसी डेझी हयातच नाही, हे शेवटी कळतं. म्हणजे तिच्याबरोबरचा तो बदनाम प्रसंग त्याच्या मनातला आहे. शरीर इतकं जवळ, आणि खोलीत दुसरं कुणीच नाही. नुसतं ‘अश्लील’ म्हणून मोकळ्या झालेल्यांनी वाचकाला हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी डेझी साकारणाऱ्या क्लोई सेव्हिनीसारख्या कसलेल्या अभिनेत्रीच्या वाट्याला चिखलफेक आली.

पुढे गॅलोनं सुमारे 26 मिनिटं कापली. दरम्यान त्याचं आणि एबर्ट यांचं जाहीर भांडण अगदी व्यक्तिगत पातळीवर उतरलं होतं. तरीही एबर्ट यांनी नवी आवृत्ती पाहिली, 2004 मध्ये तिला चारपैकी तीन तारे दिले आणि संकलनानं काय साधलं ते मोकळ्या मनानं लिहिलं. राग बाजूला ठेवून पुन्हा पडद्यासमोर बसायला मन मोठं लागतं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

माझा आक्षेप मात्र नव्या आवृत्तीनंतरही उरतो. व्हायोलेट, लिली, रोझ या फुलांच्या नावांच्या बायका बडला डेझीची आठवण देण्यापुरत्याच येतात, आणि खुद्द डेझीला त्याच्या अपराधीपणापलीकडे आयुष्यच नाही. तिच्यावर बेशुद्धीत अत्याचार झाला, ती मेली, आणि चित्रपट रडतो तो त्याच्यासाठी. त्या प्रसंगातल्या नग्नतेपेक्षा हा दोष कितीतरी मोठा आहे.